फोटो मोठा करून पाहिला का?

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारला घरी गेलो होतो. सकाळी चहा पिताना आप्पांच्या मोबाइलवर मेसेज आला. मेसेजमध्ये लिंक दिसली की आप्पा फोन माझ्याकडे सरकवतात. बँकेच्या नावाने फसवणारे मेसेज सुरू झाल्यापासूनची ही सवय. पण हा मेसेज खरा होता. हेल्मेट न घातल्याबद्दल पाचशे रुपयांचं ई-चलान. गाडीचा नंबर आप्पांच्या स्प्लेंडरचा, एमएच ३९. ठिकाण मात्र आमच्यापासून काहीशे किलोमीटर लांबच्या एका मोठ्या शहरातलं.

मी म्हटलं, "काहीतरी गडबड दिसतेय. पण पाचशेच आहेत, भरून टाकतो." आप्पा काही बोलायच्या आत यूपीआयने भरूनही टाकले. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला ही खोड लागते. छोटी एरर आली की ती बाजूला सारायची आणि पुढे जायचं.

आप्पांनी फोन परत घेतला, चष्मा लावला आणि चलानासोबतचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघत राहिले. मग फोन माझ्यासमोर धरला. फोटोत स्कूटर होती. चालवणारा विशीतला मुलगा. आणि नंबर प्लेटवरचा जो आकडा चलानात आठ म्हणून नोंदवला होता, तो फोटोत स्पष्ट तीन दिसत होता.

आप्पा रागावले की अहिराणीत बोलतात. म्हणाले, "आपली गाडी तठे गईच नही, आनी तू गुन्हा कबूल करी टाका?"

"गुन्हा कुठे, आप्पा? फक्त दंड भरला."

"मग दंड कशाचा भरतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आप्पा एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात आहे. त्यांच्या दृष्टीने पाचशे रुपये गेले हा प्रश्नच नव्हता. एकतीस वर्षांत जे नाव कुठल्या कागदावर लागलं नाही, ते मी एका टिचकीत लावलं होतं. पुण्याला परतल्यावर मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलो. कायद्यापासून सुरुवात केली आणि इतिहासात जाऊन पोहोचलो.

रहदारी

नंदुरबारच्या माणसाला हा इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. मुघल काळात सुरतेच्या बंदरातला माल उत्तरेकडे जायचा, त्याची एक मोठी वाट नवापूर, नंदुरबार करत बऱ्हाणपूरला जाई. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नंदुरबारवरूनच. पुढे तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात याच वाटेवरच्या मुक्कामांची यादी दिली. बारडोली, वालोड, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. ही यादी मी आप्पांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "हा तर आमच्या गाडीचा बोर्ड झाला."

या वाटेवर बैलांचे तांडे चालत, तेव्हा त्यांना ठिकठिकाणी थांबवलं जाई. वाट राखणारा माणूस तिचं मोल मागे. या वसुलीला फारसीत शब्द होता 'राहदारी'. राह म्हणजे वाट. वाटेची राखण, त्या राखणीपोटी घेतलेला कर आणि तो भरल्याचा परवाना, हे सगळं या शब्दात यायचं. आज आपण ज्याला 'रहदारी' म्हणतो, तो शब्द हाच. आपल्या भाषेत ट्रॅफिकला दिलेलं नाव मुळात रस्त्यावर थांबवून घेतलेल्या पैशाचं आहे, हे कळल्यावर मला हसू आलं आणि बरंच काही समजलंही.

जहांगीरने १६०५ मध्ये गादीवर येताच वाटेवरच्या अशा वसुल्या बंद करण्याचा हुकूम काढला. औरंगजेबानेही राहदारी माफ केली. एकदा बंद केलेली गोष्ट पुन्हा बंद करावी लागते, तेव्हा मधल्या काळात काय झालं असेल ते सांगायला नको. इतिहासकार खाफीखानाने तर लिहूनच ठेवलंय, की बादशहाच्या माफीनंतरही जहागीरदार वसुली करतच राहिले.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला. सातपुड्यातल्या घाटवाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात होत्या आणि त्या वाटांवरचा हक्क ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कंपनी सरकारने काही नाईकांना ठराविक नेमणुका बांधून दिल्या आणि घाट राखायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. हळूहळू वाटेवर थांबवण्याचा अधिकार नाईकाकडून, जहागीरदाराकडून निघाला आणि एकट्या सरकारकडे आला.

यात एक मोठा फरक पडला. राहदारी मागणाऱ्या जहागीरदारापुढे व्यापाऱ्याला 'मी देणार नाही, माझं ऐका' म्हणायची जागा नव्हती. तो नाकेदारही होता आणि न्यायाधीशही. नव्या व्यवस्थेत कागदावर तरी ही दोन कामं वेगळी झाली. थांबवणारा पोलीस, दंड ठोठावणारा मॅजिस्ट्रेट. साहेबाचं राज्य न्यायी होतं असं मला म्हणायचं नाही, आमच्या भागातल्या भिल्लांनी त्याचा अनुभव पुरेसा घेतलाय. पण वाहनचालकाचा पहिला हक्क या वाटणीतून आला. ज्याने पकडलं, त्यानेच शिक्षा द्यायची नाही.

चलान

मोटार आली तेव्हा ही वाटणी जगभर कसोटीला लागली. वेगाबद्दल दंड झालेला पहिला मोटारचालक म्हणून इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या वॉल्टर अर्नोल्डचं नाव घेतात. जानेवारी १८९६ मध्ये तो ताशी आठ मैलांनी गाडी हाकत होता. मर्यादा होती दोन मैलांची. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला पकडलं. न्यायालयाने वेगाबद्दल एक शिलिंग दंड केला. आज हे वाचताना गंमत वाटते, पण क्रम लक्षात घ्या. आधी पोलीस, मग न्यायालय, मग दंड.

काही वर्षांतच तिथल्या पोलिसांनी झुडपाआड बसून घड्याळ लावून वेग मोजायला सुरुवात केली. त्याला उत्तर म्हणून १९०५ मध्ये मोटारवाल्यांनी 'ऑटोमोबाइल असोसिएशन' काढली. संघटनेचे स्वयंसेवक सायकलवरून फिरत आणि पुढे सापळा असेल तर सभासदांना सावध करत. पुढे १९१० मध्ये अशा इशाऱ्याबद्दल एका स्वयंसेवकाला न्यायालयाने दोषी धरलं. मग संघटनेने युक्ती काढली. स्वयंसेवक सभासदाला एरवी सलाम ठोकायचा आणि पुढे सापळा असेल तर ठोकायचा नाही. सलाम न करणं हा गुन्हा कसा ठरणार? समोरून हेडलाइट मारून 'पुढे मामा उभे आहेत' सांगणारे आपले ट्रकवाले या परंपरेत नकळत बसतात.

भारतात साऱ्या देशासाठी मोटार वाहनांचा कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. या तिन्ही कायद्यांत गुन्हा ठरवणारं आणि शिक्षा देणारं ठिकाण न्यायालयच आहे.

'चलान' हा शब्दही हेच सांगतो. तो हिंदीतून आला. माल, सरकारी रक्कम किंवा कैदी एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवताना सोबत जाणारा कागद म्हणजे चलान. सरकारी भरण्याला आपण 'चलन' म्हणतो, ते त्याचंच भावंडं. पोलिसांच्या भाषेत चलान करणं म्हणजे आरोपीला न्यायालयाकडे रवाना करणं. हा कागद प्रवासाच्या सुरुवातीचा आहे. आपण मात्र तो हातात पडला की प्रवास संपला असं समजतो.

पावती

मग दंड रस्त्यावर कसा आला?

गाड्या वाढल्या आणि न्यायालयात खटल्यांचे ढीग लागले. दिवा लागत नाही, पाटी दिसत नाही, चुकीच्या जागी गाडी उभी केली, अशा प्रत्येक गोष्टीसाठी साक्षीपुरावे घेत बसायचं तर न्यायालयांना दुसरं काम उरलं नसतं. म्हणून कायद्याने एक सोय केली. १९३९ च्या कायद्यात ती कलम १३० मध्ये होती, आजच्या कायद्यात कलम २०८ मध्ये आहे. छोट्या गुन्ह्यांच्या समन्सवर न्यायालय दोन पर्याय देऊ शकतं. एकतर स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा, नाहीतर ठराविक तारखेच्या आत रजिस्टर्ड पत्राने गुन्हा कबूल करून समन्सवर लिहिलेली रक्कम पाठवा. पैसे पाठवले की खटला संपला.

१९८८ च्या कायद्यातलं कलम २०० याच्याही एक पाऊल पुढे जातं. राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला काही गुन्ह्यांची जागेवरच 'तडजोड' करता येते. किती रकमेवर, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवतं. वाहतूक पोलीस पावती फाडतो तो या कलमाच्या आधाराने. पोलीस आपल्याला शिक्षा देत नसतो, त्याला तो अधिकारच नाही. तो म्हणत असतो, 'माझ्या मते तुम्ही हा नियम मोडलाय. न्यायालयात जायचं नसेल तर इतके भरा, विषय संपवू.'

ही तडजोड आहे म्हणूनच तिचा भाव राज्यागणिक बदलतो. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातल्या दंडाचे आकडे एकदम वाढले. विनापरवाना गाडी चालवण्याचे पाचशेचे पाच हजार झाले, किरकोळ गुन्ह्यांचे शंभरचे पाचशे. कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. गुजरातने त्याच महिन्यात तडजोडीच्या रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने वाढीव दर थोपवून धरले आणि डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. आमच्या जिल्ह्यातलं नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. म्हणजे मधली दोन वर्षं एकाच चुकीची स्टेशनच्या दोन टोकांना वेगळी किंमत होती. देशाचा कायदा एकच. वेगळा होता तो फक्त तडजोडीचा भाव.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. तडजोडीची रक्कम भरणं म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवणं नव्हे. कायद्याच्या भाषेत मी त्यांच्या माथी शिक्षा मारली नव्हती. पण त्यांचा 'नाही' म्हणायचा हक्क मी पाचशे रुपये देऊन परत केला होता. न्यायालयासमोर जाऊन 'ही गाडी माझी नाही' म्हणायची जी जागा कायद्याने त्यांच्यासाठी राखली होती, ती मी त्यांना न विचारता सोडून दिली.

त्या जागेची किंमत आप्पांना माहीत होती, कारण ते एकदा तिथे उभे राहिले होते. नव्वदच्या दशकात शेजारच्या एका जिल्ह्यात रात्री त्यांच्या गाडीचा एक हेडलाइट बंद असल्याबद्दल खटला झाला. आप्पा तारखेला गेले. मॅजिस्ट्रेटने विचारलं, गुन्हा कबूल? आप्पा म्हणाले, नाही. वाटेत समोरच्या ट्रकच्या चाकातून दगड उडाला, काच फुटली, पुढच्या आगारापर्यंत प्रवासी तर न्यायला हवे होते. मॅजिस्ट्रेटने सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि तरीही पन्नास रुपये दंड केला. ही गोष्ट आप्पा तक्रार म्हणून कधीच सांगत नाहीत. शेवट ठरलेला असतो. "दंड झाला. पण साहेबांनी ऐकलं."

फोटो

आता पोलिसाच्या हातात पावतीपुस्तक नाही, मोबाइल आहे. चौकाचौकात कॅमेरे आहेत. यातली एक गंमत अशी, की वेग मोजणारा प्रसिद्ध 'गॅट्सो' कॅमेरा मॉरिस गॅट्सोनिडेस नावाच्या डच रॅली ड्रायव्हरने बनवला. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या माणसाला वळणावर आपलाच वेग मोजून तो वाढवायचा होता. शर्यतीसाठी बनवलेलं यंत्र पुढे जगभरच्या पोलिसांनी उचललं.

२०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात कलम १३६-अ आलं आणि रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक नजर ठेवायला आधार मिळाला. पण कॅमेऱ्याचा शब्द अखेरचा मानायचा नाही, याचीही तजवीज झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ घातला गेला. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. कॅमेऱ्याच्या टापूच्या आधी तसा फलक हवा. चलानासोबत नंबर प्लेट दिसणारा फोटो, जागा, तारीख, वेळ, मोडलेलं कलम हवं. नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायला हवी. आणि प्रकरण मिटेपर्यंत ती नोंद जपून ठेवायला हवी. या प्रत्येक अटीमागे गृहीतक एकच आहे. समोरचा माणूस 'हे खरं नाही' म्हणू शकतो आणि तेव्हा पुरावा तपासता यायला हवा.

न्यायालयही फोनमध्ये आलं. दिल्लीत २०१९ मध्ये वाहतुकीच्या चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झालं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला तसं न्यायालय आलं. तिथे स्क्रीनवर दोन पर्याय असतात. दंड भरतो किंवा खटला लढतो. १९३९ च्या समन्सवरचे दोन पर्यायच आता बटणं झालेत.

पण मी बटणं बनवणारा माणूस आहे, त्यामुळे एक गोष्ट सांगतो. दोन बटणं शेजारी ठेवली म्हणून ती सारखी होत नाहीत. 'भरतो' या बटणामागे दहा सेकंद आहेत. 'लढतो' मागे तारीख आहे, प्रवास आहे, बुडालेली मजुरी आहे, वकील आहे. आमच्या धंद्यात ज्या वाटेवर कमी पायऱ्या, त्या वाटेने लोक जातात. लोकांना त्या वाटेने न्यायचं असेल तर दुसरी वाट बंद करावी लागत नाही, ती थोडी लांब ठेवली की पुरतं. कुणी मुद्दाम तसं केलंय असा आरोप मला करायचा नाही. पण राहदारीच्या काळात 'नाही' म्हणायला जागाच नव्हती आणि आता जागा आहे पण तिकडे कुणी फिरकत नाही. पाचशे रुपयांसाठी मीही फिरकलो नाही.

लोकअदालतीचंही असंच. थकलेली ई-चलानं राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात, त्याच्या नोटिसा मोबाइलवर येतात आणि लोक घाबरून पैसे भरतात. लोकअदालत १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यावर चालते आणि तिचा पायाच दोन्ही बाजूंच्या संमतीचा आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून संमती देण्याआधी विचार करायचा. ज्याला तडजोड मान्य नाही त्याच्यावर ती लादता येत नाही. त्याच्यासाठी नेहमीचं न्यायालय उघडं असतं. आणि ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या मुदतीत घ्यावी, असं फौजदारी प्रक्रियेचा जुना १९७३ चा कायदाही सांगत होता आणि नवी संहिताही सांगते.

रस्त्यावर उभं असताना

हे सगळं वाचताना मी आप्पांसाठी एका वहीत काही गोष्टी लिहून काढल्या. खरं तर स्वतःसाठीच.

गणवेशातल्या पोलिसाने हात केला तर थांबायचं आणि लायसन्स दाखवायचं, ही कलम १३० आणि १३२ ने घातलेली आपली जबाबदारी आहे. पण त्याच वाक्यात 'गणवेशातला' ही अटही आहे. लायसन्स मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर दाखवलं तरी चालतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम १३९ बदलून तशी सोय केली आहे. नोंदणी, विमा यांसारखे कागद जवळ नसतील तर ते नंतर १५ दिवसांच्या मुदतीत सादर करायची मुभा आहे. लायसन्स जप्त केलं तर कलम २०६ प्रमाणे त्याची पोचपावती द्यावीच लागते आणि लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नसताना गाडी चालवली तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते. दारू पिऊन चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. आणि अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लावता येत नाही.

वही वाचून आप्पा म्हणाले, "हे धडगावच्या पोराला कोण सांगील?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आठवड्याच्या बाजाराला मोलगीला किंवा धडगावला जाणारी जीप ज्याने पाहिलीये त्याला कळेल. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीवर लटकलेली माणसं. कायद्यात कलम १९४-अ आहे, जादा प्रवाशामागे दोनशे रुपये. कलम चुकीचं नाही. पण शिडीवर लटकलेल्याला दुसरी गाडी असती तर तो लटकला नसता. पाड्यावरच्या ज्या पोराने कर्ज काढून मोटारसायकल घेतली, त्याला लायसन्ससाठी घाट उतरून नंदुरबारला यावं लागतं, एक दिवसाची मजुरी जाते. विनापरवान्याचे पाच हजार म्हणजे त्याची कित्येक दिवसांची कमाई. त्याच्यासमोर पोलीस उभा असतो तेव्हा पावती, तडजोड, न्यायालय हे शब्द त्याला कुणी सांगितलेले नसतात. त्याला एवढंच कळतं की वाट अडवलीये आणि पैसे दिले की ती सुटेल. म्हणजे त्याच्यासाठी काळ अजून राहदारीचाच आहे.

दुसरी बाजू आप्पांनीच मांडली. चांदसैली घाटात एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस नियमांबद्दल हळवा असतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. हे केंद्र सरकारच्या अहवालातले आकडे आहेत. आप्पांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "दंड पाहिजेच. मी कुठं नको म्हणतो? माझं म्हणणं एवढंच, की ज्याचा आहे त्याचा घ्या. तो स्कूटरवाला पोरगा आज पण बिनहेल्मेट फिरत असेल. त्याचा दंड तू भरला."

हे मला सुचलं नव्हतं. माझ्या दहा सेकंदांमुळे आप्पांचं नाव लागलं, एवढंच मी धरून बसलो होतो. तो मुलगा मोकळा सुटला, याचा हिशोब मी केलाच नव्हता.

आप्पांनी मग फुलस्केप कागदावर स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, फोटोतला नंबर, गाडीचा प्रकार, त्या दिवशी आपण नंदुरबारात होतो याचा पेट्रोलपंपाच्या पावतीसकट पुरावा. 'सदर चलान माझे नाही' हे वाक्य त्यांनी अधोरेखित केलं. मी तो स्कॅन करून ऑनलाइन तक्रारीत जोडला, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. पोस्टाची पावती आप्पांनी बिल्ल्याशेजारी ठेवलीये. उत्तर अजून आलेलं नाही. पैशांची आठवण ते काढत नाहीत, उत्तराची काढतात.

गेल्या महिन्यात पुण्यात माझ्या स्वतःच्या गाडीवर चलान आलं. सिग्नलला झेब्रा पट्ट्यावर गाडी. या वेळी मी आधी फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला. नंबर माझा होता. हेल्मेटवरचं स्टिकरही माझं. वेळ ऑफिसला उशीर झालेल्या त्या सकाळची. कलम वाचलं, तारीख पाहिली. चाक पट्ट्यावर होतंच. मग पैसे भरले आणि रात्री फोनवर आप्पांना सांगितलं.

त्यांनी दंड किती ते विचारलंच नाही. म्हणाले, "फोटो पाह्यला का मोठा करून?"